पितृपंधरवड्यात आलेलं पाकीट

मला एका जागी स्वस्थ बसता येत नाही. बसलो की उजवा पाय आपोआप हलायला लागतो. आई म्हणायची, बसल्या बसल्या पाय हलवू नये, घरातली लक्ष्मी जाते. आमच्याकडे जाण्याइतकी लक्ष्मी कधी नव्हतीच, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही. पुढे पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागलो, तर तिथे या स्वभावाचेच पैसे मिळायला लागले. मी टेस्टर होतो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि सापडेपर्यंत गप्प बसायचं नाही, हे माझं काम. अशा दिवसभर लोकांच्या चुका काढणाऱ्या मी घराच्या कर्जाच्या त्रेचाळीस कागदांवर एकही ओळ न वाचता सह्या केल्या.

त्या वर्षांत बँका माणसांच्या मागे लागत. आमच्या कॅन्टीनबाहेर रंगीत छत्री लावून त्यांचे लोक टेबल मांडून बसायचे आणि जेवून हात पुसत बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "सर, होम लोन?" वऱ्हाडातून आलेल्या माझ्यासारख्याला हे नवलच होतं. बाबांनी आयुष्यात एकदाच कर्ज काढलं होतं, तेही स्वतःच्याच भविष्यनिर्वाह निधीतून, आणि त्यासाठी आठ महिने साहेबाच्या टेबलासमोर उभे राहिले होते.

बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते, आवक-जावक टेबलावर. ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक कागदावर लाल शाईनं 'आवक' लिहायचं, खाली क्रमांक, तारीख आणि आपली आद्याक्षरं. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं. निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नाही. विजेचं बिल असो की लग्नपत्रिका, घरात आलेल्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लाल शाईची तारीख पडायची. सदऱ्याच्या खिशाला कायम दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात गावच्या घरी बायकोच्या मैत्रिणीचं पत्र असं लाल होऊन तिच्या हातात पडलं. बायको पुण्याची. पत्र उलटसुलट करून ती म्हणाली, "बाबा, मी घरात आले तेव्हा माझ्यावर आवक क्रमांक टाकायचा राहिला वाटतं." बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तेव्हापासून त्या दोघांचं जे गूळपीठ जमलं, त्यात मला फारशी जागा उरली नाही.

आई गेल्यावर मी बाबांना पुण्याला आणलं. विश्रांतवाडीत आम्ही भाड्यानं राहत होतो, आणि तिथून हाकेच्या अंतरावर नवी इमारत उठत होती. तिच्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट ठरवला. सुरुवातीचे पैसे कमी पडले, तेव्हा बाबांनी कुणाला न विचारता गावाकडचं दोन खोल्यांचं घर विकून टाकलं. "तिकडं आता कोन रायते?" एवढंच म्हणाले. म्हणजे यापुढे बाबांना जगात एकच छप्पर असणार होतं, आणि ते माझ्या पगारावर वीस वर्षं टांगलेलं असणार होतं. हे मला पुरतं कळत होतं, आणि म्हणूनच मला दम निघत नव्हता.

आमची फाइल ज्या एजंटाकडे आली तो तिशीचा, घामेजलेला, सतत हसणारा माणूस होता. माझं आडनाव वाचून त्यानं मान वर केली. "भाऊ, वऱ्हाडातले का? मंग सांगा ना बापा आधी!" पुण्यात आपल्याकडचा बोल कानावर पडला की आम्हा लोकांचं भान सुटतं. इथे कुणी आपल्याला हसत नाही ना, या धास्तीत सगळा दिवस घालवल्यावर समोरचा माणूस मोकळेपणी 'तुमाले' आणि 'मले' म्हणतो तेव्हा त्याच्यावर शंका घेणं म्हणजे घरच्यावर शंका घेणं वाटतं. मी त्याच्यावर शंका घेतली नाही.

गौरींचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन घरीच आला. बाबांना अप्रूप वाटलं. "बँकेचा मानूस घरी येते?" असं मला दोनदा विचारून त्यांनी त्याला एकुलती खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसले. बाबांची एकच अट होती: सह्या पितृपंधरवडा लागायच्या आत झाल्या पाहिजेत. त्या दिवसांत नव्या घराचं काहीही नको. एजंटानं ती अट अलगद झेलली. "काका बरोबर सांगून रायले. आता फाइल गेली तं गेली, नाई तं मंग घटस्थापनेलेच."

सह्या करता करता एक वेगळ्या रंगाचा अर्ज हाताखाली आला. मी विचारलं, हे काय?

"कर्जाचा विमा. उद्या तुमाले काई झालं तं कर्ज कंपनी फेडते, घर घरच्यायचंच रायते. याच्याबिगर लोन पास होत नाई."

हप्ता एकरकमी होता, लाखाच्या वर, आणि तोही कर्जातच मिळवलेला. "खिशातून एक रुपया जात नाई, भाऊ." मी म्हणालो, "मला शुगर आहे. चार वर्षं झाली, रोज गोळ्या चालू आहेत." त्याचं पेन क्षणभर थांबलं. मग तो पुन्हा हसला. "ते आपन पाहून घेऊ. तुमी सही करा, रकाने मी भरतो."

मी सही केली. बाबांनी त्याला उकडीच्या मोदकांतले उरलेले दोन दिले. तेही त्यानं खाल्ले.

विम्याच्या कागदांचं पाकीट कुरियरनं आलं ते नेमकं पितृपंधरवड्याच्या पहिल्या दिवशी. सोसायटीच्या वॉचमननं खाली घेतलं आणि वर आणून बाबांच्या हातात दिलं. बाबांनी लाल पेन काढून कोपऱ्यात आवक घातली, तारीख टाकली, आणि पाकीट न फोडता देव्हाऱ्यात देवांच्या मागे उभं करून ठेवलं. नव्या घराचा पहिला कागद. तो घटस्थापनेला फोडायचा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी काही फार नव्या विचारांचा नाही, आणि खरं सांगायचं तर मला वाचायचा कंटाळा होता. त्या वर्षी पंचांगात एक तिथी दोन दिवस आली होती, त्यामुळे पंधरवडा सोळा दिवसांचा झाला. तो जादाचा दिवस मला अजून विसरता येत नाही.

घटस्थापनेला सकाळी घट बसले, दिवा लागला. बाबांनी पाकिटाला हळदकुंकू वाहिलं आणि कात्रीनं त्याची कड सरळ कापली. आतून एक जाडजूड पुस्तिका निघाली. तिच्यावर हसणारं कुटुंब. बायको ती घेऊन खिडकीपाशी बसली. ती शाळेत विज्ञान शिकवते आणि हातात पडेल तो कागद उत्तरपत्रिकेसारखा वाचते. पाचव्या पानावर ती थांबली.

"अभिनंदन," ती म्हणाली. "तुझी शुगर बरी झाली."

मी भरलेल्या अर्जाची, म्हणजे त्यानं भरलेल्या अर्जाची प्रत आत जोडली होती. मधुमेह: नाही. रक्तदाब: नाही. सध्या चालू असलेली औषधं: नाहीत. आणि सगळ्याखाली माझी सही, चांगली वळणदार. पुढच्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की आजार लपवल्याचं आढळलं तर विम्याची रक्कम मिळणार नाही. म्हणजे उद्या मी मेलो असतो तर कंपनीनं माझ्या डॉक्टरची चिठ्ठी काढून हात वर केले असते, आणि बँक बायकोच्या आणि बाबांच्या दारात उभी राहिली असती. लाखाच्या वर पैसे मोजून मी घरच्यांसाठी काहीच घेतलं नव्हतं.

त्याच पानावर खाली आणखी एक ओळ होती. पॉलिसी पसंत नसल्यास हाती पडल्यापासून पंधरा दिवसांत परत करता येईल, पैसे परत मिळतील. बायकोनं पाकीट उलटं करून बाबांची लाल तारीख पाहिली आणि बोटांच्या पेरांवर मोजलं.

"काल संपले," ती म्हणाली.

बाबांच्या हातात अजून कात्री होती. "माह्यानं झालं हे," ते म्हणाले. बायको लगेच म्हणाली, "काहीतरीच काय बाबा, तुम्ही काय केलंत?" मी मात्र काही बोललो नाही. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मला राग आला होता, तो कुणावर काढावा कळत नव्हतं, आणि बाबा समोर होते.

तिथून माझी वणवण सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीत बँक, संध्याकाळी विमा कंपनी, मधल्या वेळात फोन. फोनवरची मुलगी दरवेळी नवीन असायची आणि मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागायचं. बँक म्हणायची विमा कंपनीचं काम आहे, विमा कंपनी म्हणायची बँकेनं विकलाय. बँकेतल्या कर्जविभागाच्या साहेबांपुढे मी तावातावानं सगळं मांडलं, रकाने एजंटानं भरले, मी तोंडी सांगितलं होतं, वगैरे. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

"आपण सॉफ्टवेअरमध्ये ना?"

"हो."

"मग वाचता येत असेल."

मी बाहेर आलो आणि गाडीला उगाचच चार किका मारल्या. कामात लक्ष लागेना. एकदा तर दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधली चूक सापडली आणि मी ती लिहायचीच विसरलो. पाय सारखा हलायचा. शेजारच्या टेबलावरची पाण्याची बाटली थरथरायची.

बायकोची पद्धत वेगळी. तिनं दोन संध्याकाळी बसून तक्रारीचा अर्ज लिहिला. सोबत कर्जाच्या आधीच्या वर्षी माझ्या ऑफिसनं केलेल्या माझ्या तपासणीचा रिपोर्ट, त्यात शुगरचा आकडा ठळक. डॉक्टरच्या जुन्या चिठ्ठ्या. एजंटानं ज्या दिवशी घरी येऊन सह्या घेतल्या त्याचा तपशील. "हे विमा कंपनीच्या तक्रार विभागाला रजिस्टर पोस्टानं जाऊ दे," ती म्हणाली. "त्यांनी नाही ऐकलं तर विमा लोकपालाकडे. वेळ लागेल, पण आपण खरं बोलतोय." मी ऑफिसच्या बसला निघालो होतो, बूट घालत होतो. तिनं चार पानं पुढे केली. "वाच आणि सही कर." मी बुटाची लेस ओढत उभ्या उभ्या सही केली आणि बस गाठली.

महिना गेला, उत्तर आलं नाही. महिनाभर थांबणं माझ्या रक्तातच नव्हतं. मी एजंटाला शोधायचं ठरवलं. त्याचा फोन बंद होता, पण बोलता बोलता त्यानं कधी तरी सांगितलं होतं की तो मार्केट यार्डच्या मागे राहतो. एका शनिवारी सकाळी मी तिथे गेलो. कांद्याच्या गोण्यांमधून, ट्रकांच्या मधून, हमालांचे धक्के खात मी तासभर हिंडलो, आणि खरंच तो एका अडत्याच्या गाळ्यावर मांडीवर फाइल ठेवून अर्ज भरताना सापडला. पुढे बसलेल्या माणसाला सांगत होता, "तुमी फकस्त सही करा."

मला पाहून तो दचकला नाही. उलट माझ्यासाठी चहा सांगितला. मी जे तोंडाला येईल ते बोललो. अडत्या आणि दोन हमाल ऐकत उभे राहिले. तो मान खाली घालून ऐकत होता. माझा दम संपल्यावर म्हणाला, "भाऊ, शुगर लिहिली असती तं मेडिकल लागलं असतं. मेडिकलमंदी आठ-पंधरा दिवस गेले असते. मंग पितृपक्ष लागला असता. काकाच म्हनले होते ना, त्याच्या आधी पाह्यजे म्हनून?"

चोराच्या तोंडून आपल्या घरची गोष्ट ऐकावी आणि ती खोटी म्हणता येऊ नये, याच्याइतका संताप दुसऱ्या कशानं होत नाही.

"आता एक सांगतो," तो खाली आवाजात म्हणाला. "पाकीट कवा भेटलं ते त्यायच्याकडं लिहेल नसते. तुमी सांगान तेच खरं."

त्याचा चहा मी तसाच ठेवून आलो, पण त्याचं वाक्य काही मागे ठेवता आलं नाही. सोमवारी डेक्कनजवळच्या विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी न विचारताच तेच सांगितलं. कुरियरच्या कागदावर वॉचमनची सही होती, तारीख नव्हती. "घरात ज्यांनी पाकीट घेतलं त्यांच्या सहीचं पत्र आणा, कधी मिळालं ते लिहून. तुमचा पहिला अर्ज त्यापासून पंधरा दिवसांत बसत असेल तर पुढे पाठवते." त्यांनी हे अगदी सहज सांगितलं. पाकीट बाबांनी घेतलं होतं.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. मी दहा वर्षांचा असताना बाबांच्या ऑफिसात एका ठेकेदाराचं टेंडर मुदत संपल्यावर अर्ध्या तासानं आलं. मोठ्या साहेबांनी बाबांना केबिनमध्ये बोलावून मुदतीच्या आधीची वेळ टाकायला सांगितलं. बाबांनी टाकली नाही. महिन्याभरात त्यांची बदली पार दूरच्या उपविभागात झाली. दोन वर्षं ते महिन्यातून एकदा एसटीनं घरी यायचे, आणि मी आईबरोबर राहिलो. एकदा रागावून मी त्यांना म्हणालो होतो, "आकडाच तर टाकायचा होता." ते म्हणाले, "आकडाच असते रे बाबू. आवकेत दुसरं काय असते?"

हे सगळं माहीत असून मी त्यांना विचारायचं ठरवलं. बायकोला सांगितलं नाही. रविवारी सकाळी बाबांना गाडीवर मागे बसवून खडकवासल्याला नेलं. शहर ओलांडून एवढं लांब जायचं कारण इतकंच की घरात तिच्यासमोर मला ते तोंडातून काढता आलं नसतं. बाबा खूश होते. बाकी लोक पाणी बघत होते, बाबा मात्र भिंतीवरची पातळीची पट्टी शोधून तिचे आकडे वाचत होते. मी दोन कणसं घेतली. आम्ही कठड्यावर बसलो आणि मी सांगून टाकलं: असं असं पत्र हवंय, तारीख दहा दिवसांनी पुढची, फार काही नाही.

बाबांनी कणीस कागदात गुंडाळून बाजूला ठेवलं.

"तुले पैसे परत भेटतीन?"

"हो."

"घराले काई होनार नाई ना मंग?"

"त्या पैशांत मला खरा विमा घेता येईल, बाबा. शुगर लिहून. मग घराला काही होणार नाही."

"सूनबाईले माहीत हाय?"

"नाही."

मी पाय हलवत होतो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवला, लहानपणी थांबवायचे तसा. "चाल," म्हणाले, "ऊन चढून रायलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको शाळेत गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. टेबलावर फूलस्केप कागद होता, डावीकडे समास दुमडून, निळ्या शाईत, एकही खाडाखोड नसलेला. 'मी खाली सही करणार असे लिहून देतो की' इथपासून सुरू होऊन खोट्या तारखेपर्यंत सगळं त्याच जुन्या सुबक अक्षरात. सही नेहमीसारखीच. शेजारी ते मूळ पाकीट, हळदकुंकू लागलेलं, कोपऱ्यात लाल तारीख.

"हे पाकीट तू फाड," बाबा म्हणाले. "माह्याच्यानं होत नाई."

मी त्याचे चार तुकडे करून स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. लाल शाईचा तुकडा नेमका वर राहिला, म्हणून त्याच्यावर बटाट्याची सालं सारली. पत्र घेऊन मी तडक डेक्कनला गेलो. बाईंनी ते वाचलं नाही. शिक्का मारला, पोच दिली, "कळवू" म्हणाल्या. परतताना मला हलकं वाटलं. हे कबूल करायला लाज वाटते, पण वाटलं. कित्येक दिवसांनी त्या रात्री मला झोप लागली.

उत्तर दिवाळी उलटून महिना झाल्यावर आलं. माझ्या सुट्टीचा दिवस होता, तिघंही घरी होतो. पाकीट बाबांनीच घेतलं, सवयीनं लाल पेन काढलं, तारीख टाकली आणि बायकोच्या हातात दिलं, कारण घरातले कागद तीच वाचते हे आता ठरून गेलं होतं. तिनं उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली आणि तिचा चेहरा उजळला. पैसे परत मिळणार होते, सगळे. अर्जदारानं आजार सांगूनही तो नोंदवला गेला नाही, ही तक्रार कंपनीनं मान्य केली होती. त्याच एजंटाविरुद्ध आणखीही तक्रारी होत्या. तिच्या चार पानांनी काम केलं होतं. मी टाळी वाजवली. ती हात वर करून म्हणाली, "थांब, अजून आहे," आणि शेवटचा परिच्छेद मोठ्यानं वाचला. पाकीट मिळाल्याच्या तारखेबाबत स्वतंत्रपणे सादर केलेलं पत्र आपण स्वतः सही केलेल्या अर्जातल्या तारखेशी जुळत नाही, सबब ते विचारात घेतलेलं नाही. मूळ पत्र सोबत परत पाठवत आहोत.

तिनं अर्जात खरी तारीख लिहिली होती. पंधरवड्यात पाकीट फोडायचं नाही ही घरची रीत, म्हणून एक दिवस उशीर झाला, हेसुद्धा स्वच्छ लिहिलं होतं. आणि त्याच्याखाली मी, बुटाची लेस ओढत, न वाचता सही केली होती.

"कुठलं पत्र?" तिनं विचारलं आणि पाकिटात हात घातला. दुमडलेला फूलस्केप बाहेर आला. तिनं तो उघडला. त्या खोट्या तारखेभोवती कंपनीतल्या कुणीतरी लाल शाईनं गोल काढला होता, आणि समासात प्रश्नचिन्ह.

तिच्याकडे नेहमी काहीतरी तिरकस तयार असतं, आणि त्या दिवशी तिनं ते वापरलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबांनी हात पुढे करून तिच्याकडून कागद घेतला, चष्मा लावला आणि तो लाल गोल नीट पाहिला.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "त्यानं आपलं काम केलं."

"बाबा, मीच सांगितलं होतं तुम्हाला," मी म्हणालो.

"तू सांगतलं. लिहिलं मी."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि आपल्या ट्रंकेत ठेवली. मी त्यांची माफी मागितली, त्या दिवशी आणि नंतरही. ते दरवेळी "जाऊ दे रे बाबू" म्हणायचे, आणि मला ते खरंच जाऊ देतायत असं कधी वाटलं नाही.

कर्जातून तेवढी रक्कम वजा झाली. मी दुसरीकडे विमा घेतला. शुगर लिहिली, रक्त तपासून घेतलं, हप्ता जास्त भरला, आणि प्रत्येक पान वाचलं, दोनदा. आता मला काही झालं तर घर बायकोचं आणि बाबांचं राहणार होतं. जे मिळवायला निघालो होतो ते सगळं मिळालं होतं.

त्या विम्याचं पाकीट आम्ही नव्या घरात राहायला गेल्यावर आलं. मी ऑफिसमधून आलो तेव्हा ते टेबलावर पडलं होतं. कोपरा कोरा होता. आता तर तारखेला महत्त्व होतं. पुन्हा काही चुकलं असेल तर पंधरा दिवस मोजायचे होते.

"बाबा, हे कधी आलं?"

"आज."

"तारीख नाही टाकली?"

ते गॅलरीत पाठमोरे बसले होते. "तूच टाक," म्हणाले. "माह्या तारखेले आता काय अर्थ हाय?"

मी लाल पेन मागायला त्यांच्यासमोर गेलो. सदऱ्याच्या खिशाला एकच पेन होतं, निळं.